विमान डावीकडे का जात होतं

चंदीगडजवळच्या डेराबस्सीच्या पुढे औषधांचे कारखाने विरळ होत जातात आणि मग एक लांबलचक पडीक जमीन लागते. तिच्या कडेच्या कारखान्याचा धूर सरळ वर जात असला, की आमच्या घरात कुणाला झोपू दिलं जात नाही. कारखान्याचे मालक सरदारजी आहेत, जमीनही त्यांचीच. आमचे हे अंथरुणातूनच त्यांना फोन लावतात. "धुआँ सीधा है?" तिकडून "एकदम सीधा, सर जी" असं उत्तर आलं की मी मुकाट्यानं उठते, थर्मासमध्ये चहा भरते, आणि आम्ही नवराबायको मुलीच्या खोलीतून विमान बाहेर काढतो. मुलगी बंगळुरूला असते. तिच्या पलंगावर आता पंख झोपतात.

हे विमान म्हणजे खेळणं नव्हे, एवढं सांगायला हवं. पंख माणसाच्या उंचीपेक्षा लांब, वजन मात्र तान्ह्या बाळाएवढं. उडवणारा जमिनीवर उभा राहून गळ्यातल्या ट्रान्समीटरच्या दोन दांड्यांनी, म्हणजे स्टिकनी, ते चालवतो. स्पर्धेत ते आभाळात आकृत्या काढतं आणि परीक्षक खाली खुर्च्यांवर बसून त्यांना गुण देतात. वर्तुळ गोल हवं, उभी रेषा उभी हवी. रेषा जराशी कलली की गुण गेले. म्हणून स्पर्धेच्या आधी महिनोन् महिने एकच काम चालतं, त्याला ट्रिम करणं म्हणतात. मोटर केसभर वळवायची, पंखाच्या टोकात चिमूटभर वजन घालायचं, पोटातली बॅटरी बोटभर मागं सरकवायची. उडवणाऱ्यानं हात काढून घेतले तरी विमान त्याच वाटेनं जात राहायला हवं, यासाठी हा सगळा आटापिटा.

मी इथल्या एका कॉलेजात वायुगतिकी शिकवते. हवा पंखावरून कशी वाहते ते मला फळ्यावर काढता येतं, आणि आजवर मी एकही विमान उडवलेलं नाही. ह्यांनी हवाई दलात असताना मालवाहू विमानं डोंगरातल्या धावपट्ट्यांवर उतरवली, आणि समीकरण दिसलं की ह्यांना जांभई येते. आमच्या संसारात हा वाद पहिल्या दिवशी आला आणि कायमचा राहिला. "तुझ्या कागदावर वारा सुटत नाही," हे म्हणतात. "तुमच्या वाऱ्याला कधी कारण नसतं," मी म्हणते. बहुतेक वेळा हेच जिंकतात. मी आकडेमोड करून सांगायचं की बॅटरी मागं घ्या. ह्यांनी एक चक्कर मारून यायचं आणि म्हणायचं, पुढं. आणि पुढंच बरोबर निघायचं. "हाताला कळतं गं," असं म्हणून हे दोन्ही हात माझ्या नाकासमोर नाचवायचे. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

ह्या हातांबद्दल मला एक भीती आहे, ती आधीच सांगते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रक्तदाबापायी ह्यांची मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि उडणं बंद झालं. हुद्दा तोच, गणवेश तोच, फक्त विमानाऐवजी टेबल मिळालं. त्या दिवसांत हे संध्याकाळी घरी येऊन दिवा न लावता बसायचे. काही विचारलं तर उत्तर द्यायचे, उत्तर संपलं की पुन्हा तसेच. एकदा सेक्टर बावीसच्या बाजारात भाजी घेताना डोक्यावरून एक विमान गेलं. हे स्वतः उडवायचे त्याच जातीचं होतं ते, आवाजावरून मलासुद्धा ओळखू येतं. ह्यांनी मान वर केली नाही. कोथिंबिरीची जुडी हातात धरून मला तिथंच रडू फुटलं. निवृत्तीनंतर हा छोट्या विमानांचा नाद लागला आणि माझा माणूस मला परत मिळाला. त्यामुळे मी ह्या खेळावर कितीही तोंडसुख घेतलं तरी मनात एकच असतं, ह्यांच्या हातातून हे जाऊ नये.

नवं विमान पावसाळ्यात तयार झालं. मार्चमधल्या स्पर्धेतून देशाचा संघ निवडला जाणार होता, आणि ह्यांच्या वयाला ही शेवटची संधी आहे हे आम्ही दोघंही बोलून दाखवत नव्हतो.

पहिल्या उड्डाणांच्या वेळी शेतांतला धान कापून झाला होता आणि पराली, म्हणजे शेतात मागं उरलेला पेंढा, जळायला लागली होती. आभाळ राखाडी, सूर्य तांबूस, हवा जागची हलत नव्हती. ट्रिमिंगला अशीच हवा लागते, फुप्फुसांना मात्र चालत नाही. औषधांच्या कारखान्यांचा कडवट वास घशात बसायचा. आम्ही दोघं खोकत खोकत वर बघायचो.

मी ह्यांची कॉलर असते. म्हणजे उडवणाऱ्याच्या खांद्यामागं उभं राहून पुढची आकृती कुठली ते मोठ्यानं सांगायचं. ह्यांनी मला पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता की कॉलरनं आभाळाकडे बघायचं, उडवणाऱ्याच्या हाताकडे नाही. हाताकडे बघणारा कॉलर आकृती चुकवतो. मी तो नियम इतकी वर्षं शाळेतल्या मुलीसारखा पाळला.

पहिल्या दिवशी हात सोडून घेतलेली चाचणी छान झाली. विमान पूर्ण जोरात उभं वर गेलं, ह्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले, आणि विमान काडीइतकंही न ढळता चढत राहिलं. मी म्हटलं, "बघा, माझ्या आकड्यांप्रमाणे मोटर बसवली होती." हे हसले. मग ओळीनं आकृत्या सुरू केल्या, आणि पहिल्याच उभ्या रेषेत विमान डावीकडे गेलं. अगदी थोडं. शेपूटही जरा हलल्यासारखी वाटली.

"तुझे आकडे एकटे असताना शहाण्यासारखे वागतात," हे म्हणाले.

याचं कारण मी लगेच सांगितलं. कारणं सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. नाकावरचा पंखा हवा पिळून मागं फेकतो, ती पिळलेली हवा शेपटीच्या एका बाजूवर आपटते आणि नाक डावीकडे वळतं. म्हणून मोटर मुळातच जराशी उजवीकडे वळवून बसवतात. आकृत्यांमध्ये विमानाचा वेग कमी असेल, म्हणून हा परिणाम जास्त दिसत असेल. उपाय सोपा होता, मोटरच्या मागं एक पातळ वॉशर घालून ती आणखी उजवीकडे वळवायची. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. कागद आणि हात यांचं असं एकमत आमच्या घरात क्वचितच झालं असेल.

वॉशर घातला, तरी पुढच्या खेपेला विमान डावीकडे गेलंच. दुसरा घातला. हात सोडून घेतलेल्या चाचणीत आता ते उजवीकडे जायला लागलं, आणि आकृत्यांमध्ये मात्र डावीकडेच. हे वैतागले. शेपटीतला रडर, म्हणजे नाक डावीउजवीकडे वळवणारी उभी झडप, हलवणारी छोटी सर्वो मोटर बदलली, तारा बदलल्या, बिजागऱ्या तपासल्या. शेपूट हलायची ती हलतच राहिली. सरदारजी म्हणाले, "नया है सर जी, नखरे करेगा." त्यांचं स्वतःचं विमान होतं, दरवर्षी ते ह्यांच्याकडून हरायचे आणि दरवर्षी पेढे आणायचे. ते एकदा उडवून बघते तर त्याच दिवशी सगळं कळलं असतं. पण स्पर्धेच्या विमानाचं असं आहे की दुसऱ्याचा ट्रान्समीटर मागणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं. त्यांनी मागितला नाही आणि ह्यांनी दिला नाही.

"चाचणी खोटी आहे," हे एक दिवस गाडीत म्हणाले. "परीक्षक हात सोडलेलं विमान बघणार नाहीत. आकृत्यांमध्ये जे होतं तेच खरं. माझ्या हाताला कळतंय, ते डावीकडे ओढतंय."

मला ते पटलं नव्हतं, आणि न पटण्याचं कारणही सापडत नव्हतं.

थंडी वाढली. ह्यांची बोटं आखडायला लागली, निदान आम्ही दोघं तसंच म्हणत होतो. उजव्या मनगटाचं बटण डाव्या हातानं लावावं लागतं, ते मी लावून द्यायला लागले. सेक्टरच्या बागेत सकाळी चालताना ह्यांचा उजवा हात झोकात हलायचा आणि डावा अंगाला लागून असायचा. मी चिडवलं, "परेडमध्ये असं चालला असतात तर शिक्षा झाली असती." हे म्हणाले, "खांदा धरलाय." मी तेल लावून दिलं.

आणि पिशवी शिवली. थंड देशांतले लोक ट्रान्समीटरसाठी एक कापडी पिशवी वापरतात, ट्रान्समीटर आत आणि हातही आत. मी माझ्या जुन्या साड्यांची, आतून कापूस घालून, गोधडीसारखे धावदोरे घालून शिवली. सरदारजींनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि आपल्या बायकोला दाखवायला फोटो काढला. ह्यांचे दोन्ही हात त्या पिशवीत गेले की मनगटापासून पुढं काही दिसायचं नाही. मला फार समाधान वाटलं होतं. ह्यांचे हात मी उबेत ठेवले होते.

त्या आठवड्यात मी जेवणाच्या टेबलावर बसून पुन्हा सगळं मांडलं. मोटर आता इतकी उजवीकडे वळली होती की नुसत्या डोळ्यांना वेडंवाकडं दिसत होतं. एवढा कल असताना विमान डावीकडे जाणं शक्यच नव्हतं. वेग कमी धरला, जास्त धरला, हवा दाट धरली, वजन बदललं. दर वेळी उत्तर एकच यायचं की हे विमान उजवीकडे जाणार. ते डावीकडे जायला एकच गोष्ट हवी होती, कुणीतरी रडर डावीकडे दाबून धरायला हवा होता.

मी ते वाक्य मनात म्हटलं आणि मला हसू आलं. कोण दाबणार? विमानात कोणी बसलेलं नसतं. मग हसू थांबलं, पण का ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, हे आता सांगता येणार नाही. आत हे टीव्हीवर बातम्या बघत होते. मी आकडेमोडीत चूक शोधत बसले. माझ्याच हिशेबात चूक निघावी म्हणून इतक्या आशेनं मी कधी बसले नव्हते. चूक निघाली नाही.

त्यानंतरच्या रविवारी धुकं होतं. शेताच्या टोकाचे सफेदे, म्हणजे निलगिरीची झाडं, दिसत नव्हती. आम्ही धुकं निवळायची वाट बघत होतो. विमान त्याच्या घोडीवर ठेवलेलं, बॅटरी जोडलेली, मोटरला कुलूप लावलेलं, म्हणजे पंखा फिरणार नाही, पण शेपटीचे भाग हलतील. हे विमानाकडे पाठ करून सरदारजींशी बोलत होते. ट्रान्समीटर गळ्यात, हात गोधडीच्या पिशवीत. स्पर्धेत येणाऱ्या एका कठीण आकृतीबद्दल बोलणं चाललं होतं. मी चहाचे पेले घेऊन विमानाच्या मागून येत होते.

शेपटीचा रडर हलत होता.

मला आधी वाटलं वारा आला. मी कारखान्याकडे बघितलं. धुक्यावर धुराचा खांब सरळ उभा होता. पायाशी वाळलेल्या गवताचं पातं हलत नव्हतं. रडर मात्र डावीकडे कलून बारीक बारीक थरथरत होता, एका लयीत. हे बोलायचे थांबले की तो शांत व्हायचा. पुन्हा त्या आकृतीचं बोलणं निघालं, ह्यांचं मन त्यात गुंतलं, की पुन्हा सुरू.

माझ्या मामांना कंपवात होता. जळगावच्या ओसरीवर ते बसलेले असायचे आणि हात मांडीवर असा चालायचा, तंबाखू मळत असल्यासारखा. त्यांनी आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती. ती लय मी पन्नास माणसांत ओळखली असती. मी चहाचे पेले जमिनीवर ठेवले.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, धुकं आहे तोवर एकदा सगळा क्रम मनात उडवून घ्या ना. मी आकृत्या सांगते. स्टिक धरूनच करा, खरं उडवता तसं."

स्पर्धक असं करतातच, त्यात काही वेगळं नव्हतं. हे आभाळाकडे तोंड करून उभे राहिले, जिथं विमान असतं तिथं बघत. मी नेहमीसारखी खांद्यामागं उभी राहून आकृती सांगितली आणि मान वळवून मागं घोडीवरच्या विमानाकडे बघितलं. उभी रेषा आली आणि रडर डावीकडे गेला. पुढची उभी रेषा, पुन्हा डावीकडे, आणि तिथं थरथरत राहिला. मी पुढच्या आकृतीचं नाव घेतलं. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. मधेच मी आकृत्यांची नावं घ्यायची थांबले असावे.

"काय गं?" ह्यांनी विचारलं, आणि माझी नजर कुठं आहे ते बघायला हे मागं वळले.

रडर ह्यांच्या डोळ्यांसमोर हलत होता. ह्यांनी तो पुष्कळ वेळ बघितला. हवाई दलात ह्यांना शिकवलं होतं की बिघाड दिसला की आधी काही करायचं नाही, आधी नीट बघायचं. मग ह्यांनी उजव्या हातानं पिशवीची नाडी सोडली, पिशवी काढून माझ्याकडे दिली आणि स्टिकवरच्या आपल्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा उचलला. रडर थांबला. पुन्हा टेकवला. रडर सुरू झाला.

"कधीपासून?" ह्यांनी मलाच विचारलं.

"मला काय माहीत. मी वर बघत होते."

"मीही," हे म्हणाले.

सरदारजींना काहीच कळलं नव्हतं. ते एकदा विमानाकडे, एकदा आमच्याकडे बघत होते. ह्यांनी पाना मागितला आणि मोटरच्या मागचे सगळे वॉशर एकेक करून काढले, मोटर माझ्या पहिल्या आकड्यांवर आणून ठेवली. शेवटचा स्क्रू मी पिळला, कारण डाव्या हातात तो धरवत नव्हता. तोवर धुकं निवळलं होतं.

"सरदारजी," हे म्हणाले, "आप उड़ाइए."

"मैं? आपका?" सरदारजी एक पाऊल मागं सरले.

"उड़ाइए जी. मैं कॉल करूँगा."

ह्यांनी ट्रान्समीटरचा गळ्यातला पट्टा काढून सरदारजींच्या पगडीवरून सांभाळून त्यांच्या गळ्यात घातला आणि स्वतः त्यांच्या खांद्यामागं, माझ्या जागी उभे राहिले. मी आणखी एक पाऊल मागं. विमान जमिनीवरून सुटलं, वळलं, आणि ह्यांनी पहिल्या आकृतीचं नाव घेतलं. आवाज अगदी स्वच्छ होता. विमान उभं वर गेलं.

सरदारजी वर बघत बघतच म्हणाले, "सर जी, यह तो अपने आप सीधा जा रहा है. मैं कुछ कर ही नहीं रहा."

"तुझं गणित बरोबर निघालं," हे मागं न बघता मला म्हणाले. ह्या एका वाक्यासाठी मी संसारभर भांडले होते. मला ते तेव्हा ऐकायचं नव्हतं. माझं चुकलं असतं, हातच बरोबर असता, तर मी ते सगळे कागद त्या परालीत टाकून दिले असते.

ह्यांचा डावा हात आता पिशवीबाहेर, उन्हात, मांडीशी लोंबत होता आणि अंगठा बोटांवर फिरत होता, तंबाखू मळल्यासारखा. ह्यांनी उजव्या हातानं तो मनगटाशी धरला. तरी फिरत होता. मी पिशवी छातीशी धरून त्या हाताकडे बघत उभी होते. ह्यांना ते पाठीला डोळे असल्यासारखं कळलं.

"वर बघ," हे म्हणाले. "विमान वर आहे."

मी वर बघितलं. रेषा सरळ होती.